संडास साफ करायचं काम मागून घेणारे अप्पासाहेब पटवर्धन, आणि तेच काम गुपचूप करणारे जिवाणू

तुरुंगात गेलेला माणूस काय मागेल? बरं जेवण, घरचं पत्र, वाचायला पुस्तक, फार तर थोडं हलकं काम. पण १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगातल्या एका कैद्याची मागणी भलतीच होती. त्याला संडास साफ करायचं काम हवं होतं.

हा कैदी शिकलेला होता, पुण्यातली प्राध्यापकी सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत आलेला होता आणि जातीने ब्राह्मण होता. अडचण नेमकी तिथेच होती. तुरुंगात मैला उचलायचं काम कुणाला द्यायचं हे गुन्ह्यावरून नाही, तर जातीवरून ठरायचं. सवर्ण कैद्याला ते काम नियमात बसत नव्हतं. मागणी फेटाळली गेली. मग या कैद्याने आपलं जेवण कमी केलं.

ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींपर्यंत पोहोचली. पुणे कराराच्या वेळचा त्यांचा मोठा उपास होऊन जेमतेम सव्वादोन महिने झाले होते, तब्येत पुरती सावरलेली नव्हती. तरी ३ डिसेंबर १९३२ ला त्यांनी या कैद्याच्या बाजूने पुन्हा उपास सुरू केला. सरकार हादरलं. प्रश्नाचा फेरविचार करू असं सांगण्यात आलं आणि दुसऱ्या दिवशी उपास सुटला.

या कैद्याचं नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. कोकण त्यांना अप्पासाहेब म्हणून ओळखतं, आणि कोकणचे गांधी म्हणूनही.

आता तुम्ही म्हणाल, देशभक्ताची गोष्ट आहे, मग यात जिवाणू कुठून आले? तर अप्पांनी पुढे आयुष्यभर ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, त्याचं अर्धं उत्तर समाजात होतं आणि अर्धं मातीत. मातीतलं उत्तर म्हणजे हवेशिवाय जगणारे, गवत-पाचोळा खाऊन टाकणारे जिवाणू. शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक गोठ्यात आणि उकिरड्यात ते आजही कामाला आहेत.

प्राध्यापक ते सफाईवाला

अप्पासाहेबांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. हुशार विद्यार्थी, मग पुण्यात कॉलेजात शिकवणं. त्या काळच्या कोकणातल्या मध्यमवर्गीय घराला मुलाने आणखी काय करायला हवं होतं? पण गांधीजींच्या विचारांनी त्यांना ओढलं आणि त्यांनी ती वाट सोडली. ते साबरमतीच्या आश्रमात गेले, परत आल्यावर रत्नागिरी जिल्हा हीच त्यांची कामाची जागा झाली. गांधीजींची आत्मकथा मराठीत आली ती त्यांच्याच लेखणीतून. आजही मराठी वाचक जे सत्याचे प्रयोग वाचतो, तो अप्पांचा अनुवाद असतो. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांना तुरुंगवास झाला, नंतरही अनेकदा झाला.

साबरमती आश्रमाचा एक नियम मात्र त्यांच्या अंगात कायमचा मुरला. तिथे संडास साफ करायला बाहेरून माणूस येत नसे. आश्रमात राहणाऱ्या प्रत्येकाने, मग तो वकील असो की विणकर, आपली पाळी आली की बादली उचलायची.

त्या काळातले संडास कसे होते हे आठवलं तर या नियमाचं वजन कळतं. गावात लोक उघड्यावर जात. शहरात आणि वाड्यांमध्ये टोपलीचे संडास असत. वर बसायची जागा, खाली टोपली किंवा डबा, आणि मागच्या बाजूला बोळात उघडणारं छोटं दार. रोज सकाळी एका ठरावीक जातीची बाई किंवा पुरुष त्या दाराने येई, डबा रिकामा करी आणि डोक्यावरून घेऊन जाई. घरातल्या माणसांना तिचं तोंडही दिसू नये अशीच ती रचना असे. पाऊस पडला की डोक्यावरची टोपली गळायची.

अप्पांनी हे काम स्वतः केलं. तुरुंगात हट्टाने मागितलं, बाहेर आल्यावर सोडलं नाही. पण लवकरच एक प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला, आणि तो फारच कठीण होता.

काम वाटून घेतलं की सुटलं का?

समजा प्रत्येक सवर्ण माणसाने आठवड्यातून एकदा डबा उचलला. त्याने भेदभाव थोडा झिजेल, मान्य. पण घाण तर तेवढीच राहते. जंतही तेच, पटकीही तीच, माश्याही त्याच. आणि खरं सांगायचं तर आठवड्यातून एकदा हौसेने डबा उचलणारा माणूस आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच करायला भाग पाडलेला माणूस, यांची बरोबरी होत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा जास्त थेट मांडला होता. १९२७ च्या महाडच्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना मृतमांस आणि गावकीने लादलेली हीन कामं सोडून देण्याचं आवाहन केलं. काम पवित्र आहे असं सांगून कुणाला त्यातच ठेवायचं, हे त्यांना मान्य नव्हतं.

त्यांचं म्हणणं मानलं तर पुढचा प्रश्न येतोच. ज्यांच्यावर हे काम लादलं होतं त्यांनी ते सोडलं, तर मग मेलेलं जनावर गावाबाहेर कोण नेणार? डबा कोण उचलणार?

अप्पांनी या प्रश्नाचे दोन भाग केले. मेलेल्या जनावराचं कातडं सोडवावंच लागतं, त्याला माणूस लागतोच. म्हणून ते काम ते स्वतः शिकले, करत राहिले, आणि ज्याला गाय पवित्र वाटते त्याने तिच्या मृत शरीराचीही जबाबदारी घ्यावी असा आग्रह धरला. मैल्याचं मात्र वेगळं होतं. तो रोज उचलायची मुळात गरजच का पडावी? तो जिथे पडतो तिथेच त्याची माती होऊ दिली तर?

गोपुरीतला संडास

देश स्वतंत्र झाल्यावर अप्पांनी सत्तेकडे पाठ फिरवली आणि १९४८ मध्ये कणकवलीजवळ वागद्याला गोपुरी आश्रम सुरू केला. तिथे शेती, खत, कातडी कमावणं, सफाई यांचे प्रयोग होऊ लागले. त्यातला गावोगाव पोहोचलेला प्रयोग म्हणजे गोपुरी संडास.

त्याची कल्पना ऐकायला अगदी सोपी. संडासाखाली दोन खण. एक वापरायचा. प्रत्येक वापरानंतर वर माती, राख किंवा पाचोळा टाकायचा. तो भरला की बंद करून टाकायचा आणि दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याचं खत झालेलं असतं. वास नाही, ओल नाही, हातात घेतलं तर काळीभोर भुसभुशीत माती. शेतकरी त्याला सोनखत म्हणतात ते उगाच नाही.

दोन खणांचा खरा अर्थ म्हणजे वेळ विकत घेणं. टोपलीच्या संडासात मैल्याला एक दिवसही मिळत नव्हता, म्हणून तो ताजा, रोगट असतानाच माणसाला हाताळावा लागे. बंद खणात त्याला महिनोन्‌महिने मिळतात. आणि तेवढ्या वेळात तिथे नेमकं काय घडतं, तिथूनच जिवाणूंची गोष्ट सुरू होते.

हवा लागली की मरणारे कामगार

झाडाचं खोड, गवताची काडी, भाताचा पेंढा, कापसाचा धागा, वर्तमानपत्राचा कागद, या सगळ्यांत एक पदार्थ समान आहे: सेल्युलोज. वनस्पतीच्या पेशीची भिंत त्याची बनलेली असते. पृथ्वीवरच्या सजीवांनी बनवलेल्या पदार्थांमध्ये सगळ्यात जास्त प्रमाणात सापडतो तो हाच.

गंमत म्हणजे सेल्युलोज म्हणजे साखरच. ग्लुकोजचे हजारो मणी एका माळेत ओवलेले. भातातला स्टार्चसुद्धा ग्लुकोजच्याच माळांचा. मग भात पचतो आणि पेंढा का पचत नाही? फरक मणी जोडायच्या पद्धतीत आहे. सेल्युलोजमध्ये प्रत्येक मणी आधीच्या मण्याच्या उलट बाजूने बसतो, त्यामुळे माळ सरळ ताठ राहते. अशा कितीतरी माळा एकमेकींना घट्ट चिकटून दोर तयार होतो. हा जोड तोडणारं विकर माणसाच्या शरीरात नाही.

गाईच्या शरीरातही नाही! गाय गवत पचवते असं आपण म्हणतो, पण पचवणारे दुसरेच असतात. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातला पहिला, सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे एक कोमट, अंधारी, जवळजवळ हवाबंद टाकी. तापमान साधारण ३९ अंश. त्यातल्या एका मिलिलिटर द्रवात अब्जावधी जिवाणू राहतात. फायब्रोबॅक्टर, रुमिनोकॉकस अशी त्यांची नावं. ते काडीला चिकटतात, माळा तोडतात, साखर आंबवतात, आणि त्यातून निघणारी आम्लं गाय शोषून घेते. गाय खरं तर गवतावर जिवाणू पाळते आणि जिवाणूंवर स्वतः जगते.

यातल्या बहुतेकांना ऑक्सिजन सहन होत नाही. आपल्याला हे उलटं वाटतं, पण पृथ्वीच्या इतिहासात तेच आधीचे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत हवेत मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. पुढे तो वाढला. ऑक्सिजन पेशीत शिरला की त्यापासून अतिशय जहाल घटक तयार होतात आणि ते पेशीची यंत्रणा जाळतात. आपल्या पेशींकडे ते विझवायची पुरेशी सोय आहे, या जिवाणूंकडे नाही. म्हणून ते जिथे हवा पोहोचत नाही तिथे लपले: चिखलात, तळ्याच्या गाळात, भातखाचराच्या तळाशी, जनावराच्या पोटात आणि उकिरड्याच्या गाभ्यात.

हवेला घाबरणाऱ्या जिवाला प्रयोगशाळेत वाढवायचं तरी कसं? शास्त्रज्ञांना हे फार काळ जमत नव्हतं. अमेरिकेतल्या रॉबर्ट हंगेट यांनी १९४० च्या दशकात बंद नळीतला ऑक्सिजन हाकलून, आतल्या भिंतीवर जिवाणूंचं पातळ अन्न पसरवून त्यांना वाढवायची युक्ती बसवली. म्हणजे अप्पा कणकवलीत खण बांधत होते, साधारण त्याच सुमारास जगाला या जिवाणूंची नीट ओळख होत होती.

उकिरड्यातली इर्जिक

थंडीच्या सकाळी उकिरड्यात काठी खुपसली तर वाफ येते हे गावातल्या कुणालाही ठाऊक आहे. ती ऊब जिवाणूंच्या कामाची असते. चांगल्या जमलेल्या ढिगाच्या आत तापमान ५०-६० अंशांवर जातं. आपला हात तिथे पोळेल, पण काही जिवाणूंना तेच मानवतं.

त्यातला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम. १९२६ मध्ये तो शास्त्रात नोंदवला गेला. आता त्याचं नाव बदलून अ‍ॅसिटिव्हिब्रियो थर्मोसेलस केलं आहे, पण जुनं नावच जास्त चालतं. त्याला ६० अंशांच्या आसपासची गरमी आवडते, ऑक्सिजन अजिबात नको असतो, आणि परिस्थिती बिघडली तर तो बीजाणू करून, म्हणजे कवचात शिरून, वाट बघत बसतो.

सेल्युलोजचा दोर तोडायला एकटं विकर पुरत नाही. एक विकर माळ मधेच कापतं, दुसरं टोकाकडून सोलत येतं, तिसरं वाटेतला अडथळा काढतं. बहुतेक बुरश्या ही विकरं बाहेर सोडून देतात आणि ती आपापली फिरतात. थर्मोसेलम तसं करत नाही. तो पेशीच्या बाहेर प्रथिनाची एक लांब दांडी उभारतो, तिला खाचा असतात, आणि प्रत्येक खाचेत एक एक विकर जाऊन बसतं. दांडीचं एक टोक जिवाणूला जोडलेलं, मधला भाग काडीला चिकटलेला. या सगळ्या यंत्राला सेल्युलोसोम म्हणतात. १९८३ मध्ये एड बायर आणि राफाएल लॅमेड यांनी ते ओळखलं.

शेतकऱ्याला हे समजायला सोपं आहे. एकेकट्याने वेगवेगळ्या कोपऱ्यात कापणी करणं आणि इर्जिक घालून सगळ्यांनी एका ओळीत सरकत जाणं, यात जो फरक आहे तोच इथे आहे. विळे तेवढेच, काम कितीतरी जास्त.

सुटलेली सगळी साखर एकटा थर्मोसेलम खात नाही. आजूबाजूचे जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि आम्लं, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शेवटी मिथेन बनवणारे अतिसूक्ष्म जीव येतात. ते दिसायला जिवाणूंसारखे, पण वंशाने वेगळे. ते हे उरलेलं वापरून मिथेन सोडतात. एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण अशी ही पंगत आहे. त्यातला एक जण उठला तर बाकीच्यांचंही अडतं. गोबर गॅसच्या टाकीत एकदम जास्त खरकटं टाकलं की आम्ल वाढतं, मिथेनवाले थांबतात आणि गॅस बंद पडतो, तो यामुळेच.

एका गोष्टीपुढे मात्र हे सगळे हात टेकतात. लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा भाग, हवेशिवाय फारसा कुजत नाही. म्हणून काटक्या टाकीत तशाच राहतात आणि पेंढा शेणाबरोबर कुजायला वेळ घेतो.

अप्पांच्या बंद खणात हेच घडत होतं. वरच्या थरात, जिथे पाचोळ्यातून हवा खेळते, तिथे हवेवर जगणारे जिवाणू आणि बुरश्या. खाली, दाबलेल्या थरात, हवा न चालणारे. मैल्यातले न पचलेले तंतू आणि वरून टाकलेला पाचोळा हे त्यांचं अन्न. अन्न संपत जातं, ओल कमी होते, रोगजंतूंना शरीराबाहेर आणि या गर्दीत फार काळ तग धरता येत नाही. जंताची अंडी मात्र चिवट असतात, म्हणून खण बंद ठेवायचा काळ जितका जास्त तितकं बरं. आजच्या दोन खड्ड्यांच्या संडासात भरलेला खड्डा किमान वर्षभर, शक्यतो त्याहून जास्त, बंद ठेवायला सांगतात ते त्यासाठीच.

सूक्ष्मदर्शक न घेता, महिने मोजून आणि खत हातात घेऊन बघत अप्पांनी या कामगारांना कामाला लावलं. माणसाच्या डोक्यावरची टोपली उतरवायला त्यांना मदत झाली ती अशा जिवांची, ज्यांना ना घाणीची किळस आहे ना जात.

तेच जिवाणू जीवही घेतात

पण या कामगारांची दुसरी बाजू सांगितली नाही तर गोष्ट अपुरी राहील.

सेप्टिक टँक म्हणजेही हवाबंद टाकीच. तिथेही हेच जिवाणू असतात. फरक असा की खणात मैला कोरडा होत जातो, टाकीत तो पाण्यात राहतो आणि तळाशी गाळ साचतो. हा गाळ काही वर्षांनी उपसावा लागतो. दरम्यान टाकीत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड जमतात, ऑक्सिजन उरत नाही. त्यात गंधकाच्या क्षारांवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकाची वास घ्यायची ताकदच जाते. टाकीत उतरलेल्या माणसाला वाटतं वास गेला, आणि काही क्षणांत तो कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही जातो. अशी बातमी महाराष्ट्रात दर काही महिन्यांनी येते.

हाताने मैला साफ करायला लावणं कायद्याने गुन्हा आहे. त्याचा पहिला कायदा १९९३ चा, जास्त कडक असा दुसरा २०१३ चा. गटारात किंवा टाकीत मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरी माणसं उतरतात, आणि उतरणारे बहुतेक त्याच जातींतले असतात ज्यांच्या आज्या डोक्यावर टोपली वाहायच्या.

म्हणजे टोपली गेली, टाकी आली. अप्पांचा प्रश्न तसाच राहिला.

शहापूरचं पाणी आणि मुंबईची साखळी

ही सगळी गोष्ट कणकवलीची, मग शहापूर-मुरबाडच्या लोकांनी ती का वाचावी?

पहिलं कारण पाणी. शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ मध्ये सुरू झालं, ते मुंबईला पाणी द्यायला. पुढे वैतरणा आणि भातसा आली. मुंबईत कुणी संडासाची साखळी ओढतो तेव्हा जुन्या टाकीतून सुमारे १० लिटर पाणी जातं, आणि त्यातलं बरंचसं या डोंगरांत पडलेल्या पावसाचं असतं. त्याच शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. ज्या बाईला हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो, तिच्या दारात भरपूर पाणी लागणारा संडास बांधला तर काय होईल? त्याची अडगळीची खोली होते. सरपण आणि कोंबड्या ठेवलेले असे संडास तुम्हीही पाहिले असतील. कमी पाण्यात किंवा नुसत्या राख-मातीवर चालणारा, दोन खणांचा किंवा दोन खड्ड्यांचा संडास इथे जास्त उपयोगी पडतो.

दुसरं कारण राब. ठाण्या-रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत भाताच्या रोपवाटिकेसाठी शेतकरी शेण, झाडाचा पाला, काटक्या, गवत पसरून उन्हाळ्यात जाळतो. तण मरतं, राखेतून पालाश मिळतं, रोपं जोमाने येतात, म्हणून ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पण जाळताना शेणातला नत्र धुरात जातो आणि मातीत मुरला असता तो सेंद्रिय भागही जातो. तेच शेण जिवाणूंच्या हाती दिलं तर गॅस मिळतो, आणि बाहेर पडणाऱ्या रबडीत नत्र शिल्लक राहतो. म्हणजे चूलही पेटते आणि शेतही भागतं. दोन-चार जनावरं असलेल्या घराला हा हिशेब जमण्यासारखा आहे, फक्त टाकीला रोज शेण आणि जवळपास तेवढंच पाणी लागतं हे आधी लक्षात घ्यायला हवं.

गॅसची कल्पना मुंबई-ठाण्याला नवीही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाकीतून गॅस गोळा करून वापरला गेला होता. जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांमध्ये तो मोजला जातो.

अप्पांच्या मागे

अप्पांनी आपल्या आयुष्याची हकिकत माझी जीवनयात्रा या आत्मचरित्रात लिहून ठेवली. १० मार्च १९७१ ला ते गेले, तेव्हा ७६ वर्षांचे होते. गोपुरी आश्रम अजून आहे.

त्यांचं काम मात्र दुसऱ्या एका गावात जास्त ठळकपणे दिसतं, ते म्हणजे तुकोबांचं देहू. १९६० मध्ये डॉ. सुहास मापुसकर, म्हणजे सगळ्यांचे डॉ. मापुसकर, तिथल्या आरोग्य केंद्रात आले. औषध दिलं की जंत जायचे, महिनाभरात परत यायचे, कारण लोक उघड्यावर बसत होते. डॉक्टरांनी गोळ्यांपेक्षा संडासाला जास्त वेळ दिला. अनेक वर्षं घरोघर फिरून, चुका दुरुस्त करत, त्यांनी गावात संडास उभे केले आणि त्यातल्या अनेकांना गॅसच्या टाक्या जोडल्या. मैल्यातून निघालेल्या गॅसवर स्वयंपाक करायला लोक तयार होतील यावर सुरुवातीला कुणाचा विश्वास नव्हता. ते झालं. देहूत सफाईचं तंत्र शिकवणारी जी संस्था उभी राहिली, तिला नाव दिलं गेलं अप्पा पटवर्धन सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

स्वच्छ भारत योजनेत २०१४ नंतर गावोगाव दोन खड्ड्यांचे संडास बांधायला सांगितलं गेलं. तत्त्व तेच: एक वापरा, एक बंद ठेवा, मधल्या काळात जिवाणूंना काम करू द्या. पण प्रत्यक्षात अनेक घरांनी एकच मोठी टाकी बांधली. खर्च एकदाच होतो, लवकर भरत नाही आणि आपल्या हयातीत उपसावी लागणार नाही असं वाटतं.

लागते. पंधरा वर्षांनी का होईना, लागतेच. तेव्हा फोन करून कुणाला तरी बोलावलं जातं, आणि तो माणूस कुठल्या वस्तीतून येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं.

म्हणून शहापूर, मुरबाड किंवा आणखी कुठेही, घरात नवीन संडास बांधायचा असेल तर फरशीचा रंग ठरवण्याआधी गवंड्याला एक प्रश्न विचारा: हा भरल्यावर उपसणार कोण? उत्तरात एखाद्या माणसाला आत उतरावं लागणार असेल, तर नकाशा बदला. दुसरा खड्डा खणा आणि पहिल्यावर झाकण टाकून ठेवा. आतले कामगार तयारच आहेत. त्यांना फक्त अंधार लागतो, आणि वेळ.